अळू, अलोकेशिया आणि साहेब

माझ्या नवऱ्याच्या जुन्या साहेबांइतका निःपक्षपाती माणूस साऱ्या मध्य प्रदेशात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्या या निःपक्षपातीपणाचा जितका ताप मी सोसला तितका त्यांच्या बायकोनेही, म्हणजे काकूंनीही, सोसला नसेल. रायसेन रोडवरच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. हे सांगतात, की साहेबांच्या सहीशिवाय तिथून एक नटसुद्धा बाहेर पडत नसे. निवृत्त झाल्यावर आनंद नगरात आमच्या समोरच त्यांनी घर बांधलं, पण अंगातली तपासणी काही सुटली नाही. दोन नमुने शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज कुठल्याही गोष्टीवर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. डॉक्टरांकडे गेले तर दोघांकडे जात आणि दोघांच्या चिठ्ठ्या तिसऱ्याला दाखवत. मुलीसाठी स्थळं आली तेव्हा दोन मुलांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावून एकाच सोफ्यावर बसवलं होतं म्हणे. पोरीने तिसऱ्याशीच लग्न केलं आणि पुणं गाठलं.

तर अशा माणसाच्या घरात दोन झाडं आली. पहिला काकूंचा अळू. तो त्यांनी रत्नागिरीहून येताना स्टीलच्या डब्यात कंद घालून आणलेला, काळ्या देठाचा, वडीचा. मागच्या अंगणात मोरीचं पाणी जिथे जातं तिथे तो रान माजल्यासारखा वाढायचा. आम्ही मूळचे नागपूरकडचे, सासरे सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले, त्यामुळे आमच्या घरात त्याला धोपा म्हणतात. यावरून काकूंचा नि माझा पहिल्याच आठवड्यात वाद झाला होता. दुसरं झाड मुलीने आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला नर्सरीतून पाठवलेलं: अलोकेशिया. अळूच्याच कुळातलं, पण शोभेचं. ऐटदार पांढऱ्या कुंडीत ते हॉलमध्ये खिडकीशी आलं, आणि साहेबांच्या डोळ्यांत मला पूर्वीची चमक दिसली. शेजारी शेजारी ठेवायला त्यांना दोन नमुने मिळाले होते.

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी दहाला साहेब फाटकाशी उभे राहून हाक मारत, "वहिनी, साक्षीला या." निरीक्षण एकट्याने केलं तर ते ग्राह्य नाही, असं त्यांचं म्हणणं. हे नेमके त्या वेळी आंघोळीला जात. मग मी ओल्या हातांनीच जायची. साहेब फूटपट्टी लावून पानाची लांबी घेणार, व्हर्निअरने देठाची जाडी घेणार, मी ती मापं जाडजूड रजिस्टरात लिहून खाली सही करणार. एकदा मी कंटाळून म्हटलं, "साहेब, दोन्ही मस्त दिसताहेत, चला." ते चष्म्यावरून बघून म्हणाले, "मत नको वहिनी, माप सांगा." पण खोटं कशाला बोलू, त्या रजिस्टरामुळे मला बघायची सवय लागली. अळूचं पान टोक खाली करून उभं असतं, अलोकेशियाचं छताकडे. अळूवर पाणी टाकलं की गोळे होऊन घरंगळतं, अलोकेशियावर पसरतं. अळूला कितीही पाणी द्या, तो अजून मागतो. अलोकेशियाला दोन दिवस लागोपाठ दिलं की मुळं कुजायला लागतात. मे महिन्यात लू, म्हणजे इकडचा भाजणारा वारा, सुटली की अलोकेशियाच्या कडा तपकिरी होत आणि साहेब तिच्याभोवती ओले टॉवेल टांगत. थंडीत अळू जमिनीत गडप होई आणि साहेब तिथे काठी रोवून "रजेवर" अशी पाटी लावत. एकदा भाजीवाली मागच्या फाटकातून हे सगळं बघत होती. तिच्या भाषेत अळू म्हणजे अरबी. म्हणाली, "बाबूजी, ये तो अरबी के पत्ते हैं. इसमें इतना क्या नापना?" साहेबांनी तिला आत बोलावून अर्धा तास समजावलं. तिची टोपली बाहेर उन्हात.

इतकी वर्षं मापं घेऊनही कुठलं झाड चांगलं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. "निकाल राखून ठेवलाय," म्हणत.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि काकू पुण्याला गेल्या. दोन महिन्यांसाठी गेलेल्या काकूंना दीड वर्ष झालं. बाळ लहान, मुलीची नोकरी, त्यात काकूंचे गुडघे. त्या रोज साहेबांना म्हणत, "या ना इकडे." साहेब म्हणत, "निकाल लागला की निघतो." त्यांना काकूंची आठवण येते, हे त्यांनी तोंडाने कधी कबूल केलं नाही. पण रोज सकाळी साडेनऊला अंगणात उभं राहून ते फोन करत आणि नंतर मला सांगत, "काल अकरा मिनिटं बोलली. आज चारच." ते सांगताना त्यांचा चेहरा असा उतरायचा, की मला उगाच फाटकाशी रेंगाळावंसं वाटे.

एकटे राहिल्यावर त्यांच्या निःपक्षपातीपणाला धरबंध उरला नाही. एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला, की आपण अळूची चव इतकी वर्षं घेतोय आणि अलोकेशियाची एकदाही घेतली नाही, हा अन्याय आहे. मी ऑफिसात, टी. टी. नगरला. इकडे साहेबांनी बेसन, चिंच, गूळ असं साग्रसंगीत लावून शोभेच्या पानाची वडी केली, तळली आणि साक्षीला यांना बोलावलं. मी संध्याकाळी घरी आले तर दोघं सोफ्यावर बसलेले, तोंडात आमसुलं, डोळ्यांतून पाणी, ओठ सुजलेले. मी यांना विचारलं, "अहो, पण तुम्ही का खाल्लीत?" हे कसेबसे म्हणाले, "साहेबांना नाही कसं म्हणणार?" डॉक्टरांनी दोघांना इंजेक्शन दिलं आणि फार बोलायचं नाही असं बजावलं. रजिस्टरात साहेबांनी लिहिलं: "चव: सांगता येत नाही."

आम्ही हसून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी साडेनऊला साहेबांचा फोन गेला नाही. काकूंनी केला तर पलीकडून नुसता घोगरा आवाज. काकू इतक्या घाबरल्या, की त्यांनी मला ऑफिसात फोन केला. "अगं, एकटे आहेत गं ते तिथे. एक दिवस काहीतरी होऊन बसेल. तुझं ऐकतील. पाठव ना त्यांना." मी म्हटलं, "हो काकू, सांगते."

आणि मी सांगितलं नाही. आज लिहिते, कारण आता लपवून काय करायचं. रविवारी दहाला मी रजिस्टर उघडून बसले आणि साहेबांना म्हटलं, "पुणं काय, आहेच की. अजून एक पावसाळा बघून घ्या. अळूला यंदा पान चांगलं येईल." ते खूश झाले. मला घरी सासू-सासरे उरले नव्हते, मुलगा बंगळुरूला, ऑफिसात माझं मत कोणी विचारत नव्हतं, माप तर दूरच. आठवड्यातून एकदा मला हाक मारणारा तो एक माणूस होता.

पण काकू काही माझ्या भरवशावर बसलेल्या नव्हत्या. पंधरा दिवसांनी सकाळी अंगणात साहेबांचा फोन स्पीकरवर होता, मी कपडे वाळत घालत होते. काकू म्हणाल्या, "अहो, मी इथे गॅलरीत बादलीत अळू लावलाय. पानं पिवळी पडताहेत. जावई म्हणतात, उपटून टाका."

साहेब ताठ झाले. "ऊन कुठल्या बाजूचं येतं?"

"मला बाई काय कळतंय त्यातलं."

"बादलीला भोकं आहेत का?"

"असतील."

"असतील?" साहेब असे ओरडले, की भाजीवाली टोपलीसकट थांबली. उभ्या आयुष्यात 'असतील' या शब्दावर त्यांनी सही केली नव्हती. तिसऱ्या दिवशी ते गाडीत बसले. घराची किल्ली, रजिस्टर, फूटपट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "दहा-बारा दिवसांत येतो, वहिनी. खाडा करू नका."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. सुरुवातीला दर रविवारी दहाला फोन येई आणि मी मापं वाचून दाखवायची. बादलीतल्या अळूबद्दल मी विचारलं, तर हसले. "मी पोचलो तेव्हा हिरवागार होता हो. भोकंही होती." फसवणूक सांगताना ते इतके आनंदात होते, की मला त्यांचा हेवा वाटला. मग फोन महिन्यातून एकदा येऊ लागला.

गेल्या रविवारी आला तेव्हा मी तयारीत होते. अलोकेशियाला आजवरचं सगळ्यांत मोठं पान आलंय, ते दोनदा मोजून ठेवलं होतं. पलीकडे नातू खिदळत होता. साहेबांनी माझी चौकशी केली, यांची केली, बंगळुरूची केली. झाडांचं निघेना, तेव्हा मीच म्हटलं, "साहेब, हॉलमध्ये नवं पान आलंय. खूप मोठं."

"हो का? वा, वा," ते म्हणाले. "अरे, थांब रे, पडशील! वहिनी, हिच्याशी बोला हं," आणि फोन काकूंकडे गेला.

काकू म्हणाल्या, "अगं, किती बदललेत म्हणून सांगू. दिवसभर नातवाच्या मागे. तू पाठवलंस म्हणून आले हो, नाहीतर कुठले यायला. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

मी त्यांना खरं सांगू शकले नाही. "छे हो काकू," एवढंच म्हणाले. फोन ठेवून त्यांच्या घराच्या पायरीवर बसले. साहेब सुखात आहेत याचा मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्याच वेळी रडूही आलं. हे घरातून हाका मारत होते. मी म्हटलं, येते, पाच मिनिटांत येते.