कूलरवाल्याच्या घरातली बंद खोली

"शेठ, ह्याच्यात सात रंगांचे लाइट हायेत," गणेशराव म्हणाले.

"मला नातीचं नाक सांभाळायचंय, गणेशराव. आरास न्हाई करायची."

गणेशराव होलसेलरचे माणूस. कूलरचा सीझन सुरू व्हायच्या आधी ते माझ्या माजलगावच्या दुकानात येतात, ऑर्डर घेतात, शिव्या खातात आणि चहा पिऊन जातात. त्या दिवशी माझ्या काउंटरवर त्यांनी एक ह्युमिडिफायर ठेवला होता. ह्युमिडिफायर म्हणजे कोरड्या हवेत ओलावा सोडणारं मशीन. एरवी आमच्याकडे त्याला गिऱ्हाईक नाही. इथला कूलर तेच काम करतो, वर गारवाही देतो.

पण माझ्या घरात कूलर चालत नाही. हे लिहिताना अजूनही हात जड होतो. पत्रा कापून, गवत भरून, पंप बसवून मी कूलर करायला शिकलो तेव्हा मला दुकान नव्हतं, एका गॅरेजच्या भिंतीचा आडोसा होता. त्या कूलरवर मुलगा संदीप इंजिनियर झाला. आणि दोन वर्षांपूर्वी संदीपनं माझ्याच घराच्या माडीवर एसी बसवला. मला विचारलंसुद्धा नाही. कूलरला वास येतो, माझी नात ओवी शिंकते, म्हणे. गावात महिनाभर माझी चेष्टा झाली. शेजारचा भांड्यांचा दुकानदार रोज विचारायचा, "शेठ, एसी कितीला देता?"

एसी हवेतलं पाणी ओढून बाहेर टाकतो. आमच्याकडची उन्हाळ्यातली हवा आधीच कडकडीत. गेल्या उन्हाळ्यात ओवी पुण्याहून आली आणि दुसऱ्याच रात्री तिचा घोळणा फुटला. उशीवर रक्त. डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाले. कोरड्या हवेनं नाकातली कातडी तडकते, सलाईनचे थेंब घाला, खोलीत थोडा ओलावा ठेवा. पण सूनबाईंनी बॅग भरली. सगळी सुट्टी राहायला आलेली पोर परत गेली. वर्षभर मी तिला फोनच्या काचेतच बघत होतो.

म्हणून हे मशीन.

"चालू करा," मी म्हणालो. "इथं. टीव्हीजवळ."

गणेशरावांनी आमचं बोअरचं पाणी ओतलं. मशीनमधून धुरासारखं पांढरं निघालं. ह्याला अल्ट्रासॉनिक म्हणतात. आत एक चकती भयंकर वेगानं थरथरते आणि पाण्याचे बारीक कण हवेत उडवते. दिसायला छान. आमचा चहा होऊन गप्पा संपेपर्यंत मी वाट बघितली. मग टीव्हीच्या काळ्या काचेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी.

"तुमचं पाणीच जड हाय, शेठ."

माझी बायको मंगल वरून खाली आली होती. पाण्याला नाव ठेवलेलं तिला खपलं नाही. ती तांब्या घेऊन आली. "हे घ्या. तुरटी फिरवलेलं हाय. काचेवानी पाणी."

ते पाणी घातलं. पुन्हा भुकटी.

"आवो, मग आमी इतकी वर्सं काय पीत होतो?" मंगल म्हणाली.

तुरटीनं गाळ खाली बसतो. पाण्यात विरघळलेला क्षार तिथंच राहतो. पाणी उकळलं तरी तो सगळा जात नाही. अल्ट्रासॉनिक मशीन पाण्यात जे असेल ते सगळं हवेत फेकतं, आणि खोलीतलं पोर ते श्वासातून घेतं. त्याला डिस्टिल्ड वॉटर लागतं. गणेशराव म्हणाले, बॅटरीच्या दुकानात सुटं मिळतं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते स्वतःच म्हणाले, "न्हाई, न्हाई. ॲसिडच्या जुन्या कॅनमधून देत्यात ते."

मग त्यांनी गरम वाफेचं मशीन सुचवलं. त्यात पाणी उकळतं. पाच वर्षांची पोर आणि उकळतं पाणी एका खोलीत ठेवायचं? तेही नाही.

"मला वातीचं पायजे," मी म्हणालो.

त्यात कागदाची जाड जाळी असते. आम्ही तिला वात म्हणतो. ती पाणी शोषते, पंखा तिच्यातून हवा ओढतो, आणि फक्त पाण्याची वाफ हवेत जाते. क्षार वातीवर राहतो. कूलरच्या गवतावर सीझनच्या शेवटी पांढरी खपली धरते ना, तीच.

"ते आमी ठेवत न्हाई, शेठ. मागणी न्हाई त्याला."

"मी मागतोय, ती मागणी न्हाई का?"

"एका नगासाठी गाडी कुठं पाठवू?"

"मग कूलरच्या पंपांची ऑर्डर बी राहू द्या. दुसरीकडं बघतो."

"शेठ, लई चिडता तुमी."

"चिडलो न्हाई. चिडल्यावर आवाज वेगळा असतो."

चार दिवसांनी मशीन आलं. दोन जास्तीच्या वाती मी फुकट काढून घेतल्या.

मग सूनबाईंना फोन केला. प्रियांका शांत बोलते. तिच्याशी घासाघीस करणं गणेशरावांपेक्षा अवघड.

"बाबा, आम्ही पुण्याहून मशीन आणतोय."

"आणायचं न्हाई. मशीन मी घेतलंय. तुमी फक्त पूर्ण सुट्टी राहायचं."

"आठ दिवस बघू."

"सुट्टी."

"बाबा, खोलीत मीटर ठेवा. ओलावा चाळीसच्या खाली राहिला तर मी थांबणार नाही. गेल्या वर्षीसारखं मला नकोय."

"आणि चाळीसच्या वर राहिला तर?"

"तर सुट्टी."

मीटर म्हणजे हायग्रोमीटर, हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र. चाळीस ते पन्नास चांगलं. साठच्या पुढं गेलं की भिंतींना बुरशी धरते, म्हणून जास्तही नको. मशीन मी सपाट स्टुलावर, पलंगापासून आणि स्विचबोर्डपासून लांब ठेवलं. पाणी भरताना प्लगची पिन काढायची, हे मंगलला दोनदा बजावलं. पाण्यात निलगिरीचं तेल, अत्तर, बाम काही घालायचं नाही. टाकी रोज रिकामी करून घासायची, आठवड्यातून एकदा व्हिनेगरनं धुऊन भरपूर पाण्यानं खंगाळायची. शिळं पाणी ठेवलं तर त्यातली घाण हवेत जाते.

ते आले. ओवीनं खाली दुकानातच मला मिठी मारली आणि मग तिला वर नेलं. दार बंद.

पहिल्या दिवशी मीटरवर पंचेचाळीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तेहतीस. प्रियांका बॅगेसाठी कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी वात तपासली, ओली होती. पंखा चालू. टाकीत पाणी. संदीप म्हणाला, "बाबा, मी सांगत होतो, चांगल्या ब्रँडचं ऑनलाइन घेऊ."

खोलीत उभा राहून एकेक गोष्ट बघत गेलो. तेवढ्यात ओवी म्हणाली, "आबा, तुम्ही आलात की खिडकी का उघडता?"

खिडकी बोटभर उघडी होती. कूलर बंद खोलीत चालत नाही. ओली हवा बाहेर जायला वाट लागते. आयुष्यभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत आलो. हात आपोआप कडीकडे गेला होता. आणि मी दिवसातून किती वेळा त्या खोलीत जात होतो, ते मंगलला विचारा. दर वेळी बाहेरची कोरडी भट्टी आत.

"बाबा," प्रियांका हळूच म्हणाली, "दारही तुम्हीच उघडताय."

मी खिडकी लावली आणि बाहेर आलो. दुपारभर आत गेलो नाही. सौदाच तसा होता. नात घरात हवी असेल तर दार बंद हवं.

माडीच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. वरून पत्रा तापलेला. मधे खोलीच्या खिडकीची काच. थोड्या वेळानं ओवी मीटर घेऊन काचेशी आली आणि मला तो दाखवला. आवाज ऐकू येत नव्हता, ओठ दिसत होते. एकेचाळीस. मग ती पळत गेली आणि लगेच परत आली. एकेचाळीसच. मी मान डोलावली. दुपारभर तेच चाललं. आकडा बदलत नव्हता, तरी ती येत होती.

ती पूर्ण सुट्टी राहिली. घोळणा फुटला नाही. ऊन उतरलं की ती खाली यायची आणि माझ्या कूलरच्या पंख्यांना बोटानं फिरवून बघायची. निघायच्या दिवशी संदीपनं दुकानाच्या काउंटरला टेकून, माझ्यासमोर, तसंच वातीचं मशीन मोबाइलवर मागवलं.

"आपल्यापेक्षा स्वस्त आहे, बाबा," तो म्हणाला.

मी म्हणालो, "वात बी मागव. एकच येते त्याच्यात."

आता ही मशीनं मी दुकानात विकायला ठेवतो. गिऱ्हाईक विचारतं, खोलीत कुणी नसेल तर चालू ठेवायचं का? मी सांगतो, नाही. पिन काढायची, पाणी ओतून द्यायचं, टाकी पुसायची, वात उन्हात वाळवून ठेवायची. त्या दिवशी ओवीची गाडी गेल्यावर मी वर जाऊन तेच केलं. एसीही बंद केला आणि दार सताड उघडून दिलं.