मोठ्या मामाजींच्या रक्तातले शिपाई

आमच्या मोठ्या मामाजींशी ज्याचं भांडण झालं नाही असं माणूस आमच्या गावात एकच निघेल, आणि ते म्हणजे मी. मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. कामरगावच्या थांब्यावर बस उशिरा आली की ते कंडक्टरशी भांडत, आणि वेळेवर आली तर "आज काहून एवढी घाई?" म्हणून भांडत. बुजगावणं वाकडं उभं राहतं म्हणून त्यालाही एकदा त्यांनी तासभर झापलं होतं. वावरात ते चप्पल घालत नसत. "माय हाय ते. मायच्या अंगावर चप्पल घालून चालते का कोणी?" मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायची आणि निघून जायची. उलट बोलत नाही तिच्याशी काय भांडायचं, म्हणून त्यांनी मला सोडून दिलं होतं.

टाचेवर काळा डाग आला तेव्हा त्यांनी तो बाभळीचा काटा ठरवला आणि वर्षभर सुई घेऊन त्याच्याशी भांडले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कातडीचा कॅन्सर आहे, फुप्फुसापर्यंत गेलाय. रक्तात रोगाशी लढणारे शिपाई असतात. ते लढून लढून थकलेत, रोगानेही त्यांना गप्प बसवलंय. सलाईनमधून औषध देऊन त्यांना उठवायचं. कॅन्सरचं नाव ऐकून मामाजी हलले नाहीत. त्यांना झोंबलं ते दुसरंच. "मी अजून थकलो नाही अन् माह्या रक्तातले थकले? डॉक्टरसाहेब, हे तुमी माह्या खानदानाले बोलून राह्यले." मग सलाईन चालू असताना ते आपल्याच दंडाला दरडावत, "उठा रे आळश्याहो! चोर घरात शिरला अन् तुमी त्याले पाट टाकून देऊन राह्यले?" नर्स हसून बेजार.

काही महिन्यांनी त्यांच्या हातांवर पांढरे डाग दिसू लागले. घरात नातीची सोयरीक जमत होती. कोडाचं नाव निघालं तर पाहुणे फिरतील, म्हणून त्यांच्या मुलाने बजावलं, कोणाला सांगायचं नाही, डॉक्टरलाही नाही. मामाजींनी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा चढवला आणि भांडणं सोडली. बस आली काय, गेली काय. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या खेपेला डबा घेऊन मी सोबत गेले. दवाखान्याचा कागद मी अक्षर अक्षर लावून वाचला होता, अंगावर नवीन काही दिसलं तर सांगा. डॉक्टरांनी विचारलं, "काही बदल?" मुलगा नाही म्हणाला. मामाजी भिंतीकडे पाहत होते. आणि पदराआडून माझाच आवाज आला, "हातावर पांढरं आलं."

डॉक्टरांनी बाही वर सारली. "शिपाई उठलेले दिसतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशींतूनच हा रोग उठलाय. आता ते रंग दिसला की तुटून पडतात, रोगाचा असो की तुमचा स्वतःचा. बरेचदा ही चांगली खूण असते, पण छातीचा फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि लपवू नका. उद्या हेच आतड्यावर धावले तर?"

मामाजींनी हात उलटसुलट करून पाहिला. "आपला-परका पाहत नाहीत? मंग माह्यावरच गेले!"

फोटोत फुप्फुसातल्या गाठी लहान दिसल्या. गेल्या नाहीत, लहान झाल्या. पाहुण्यांसमोर मामाजी स्वतःच बाह्या सारून बसले, आणि सोयरीक टिकली. मग त्यांनी मला हाक मारली. "तुले कोणं सांगतलं होतं मधात बोलाले?" त्या दिवसापासून ते रोज माझ्याशी भांडतात. चटणीत मीठ, चहात पाणी, काहीही चालतं.

पण हल्ली ते लवकर दमतात. भांडता भांडता मधेच डोळा लागतो, पांढरा हात वाकळेवर तसाच उगारलेला राहतो. मी चहावर झाकण ठेवते आणि शेजारी बसून राहते. माझं उत्तर तयार असतं. ते जागे झाले की द्यायचं.