हमदुल्लाचं फिनिशिंग

हमदुल्लाला स्वस्थ बसता येत नाही. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात आम्ही एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकाच खोलीत राहिलो. मी स्टोअर सांभाळायचो, तो लेथ चालवायचा. सुट्टीच्या दिवशी हा माणूस माझ्या खाटेचे नट आवळायचा, तेही मी खाटेवर झोपलेलो असताना. शिव्या घातल्या की म्हणायचा, "आवाज येत होता ना, विलासभाई." त्याने केलेल्या शाफ्टमध्ये बघून दाढी करावी. पॉलिश न मारता एकही काम त्याने गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही.

यंदा त्याची साठी भरली आणि मालकाने व्हिसा वाढवायला नकार दिला. सोळा तारखेनंतर गावी. दापोलीजवळ घर आहे, बायको मैमुनाबी वाट बघतेय, दोन्ही मुली आपापल्या घरी सुखी आहेत. खाण्यापिण्याची ददात नाही. पण तिथे दिवसभर करायचं काय, या एका विचाराने तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. रत्नागिरीत एक जुना लेथ सहा लाखांना विकायला होता. तेवढे त्याच्याकडे नव्हते.

मग त्याने ट्रंकेच्या तळातून पावडरचा डबा काढला. त्याचे वडील बोटीवर खलाशी होते. कुणा अमेरिकन कप्तानाने दिलेला चांदीचा डॉलर त्यांनी मेणकागदात गुंडाळून जपला होता. साल १८८४, गरुडाखाली टांकसाळीचा बारीकसा एस. कडेने नाणं काळपट पडलेलं, मध्ये निळसर झाक.

त्याच्या भावाची मुलगी एमान इथेच वाढलेली, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरी करते. तिथल्याच उपेंद्र नावाच्या नाण्यांच्या पारख्याला तिने फोटो पाठवले. मंगळवारी उत्तर आलं: पंचवीस हजार दिरहमपर्यंत जाऊ शकेल, पण हातात घेतल्याशिवाय नक्की सांगणार नाही, शनिवारी या.

"पंचवीस हजार! म्हणजे सव्वासहा लाख!" हमदुल्ला उडालाच.

"चाचा, जस्ट ब्रिंग इट अ‍ॅज इट इज, ओके?" एमान फोनवर म्हणाली.

"ओके, ओके. इन्शाल्ला."

का, ते ना तिने सांगितलं, ना त्याने विचारलं. मलाही सुचलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मंगळवार ते शनिवार त्याने मला वात आणला. नळाचा वॉशर बदलला, पंखा उतरवून पुन्हा लावला, रत्नागिरीला दोनदा फोन करून लेथ राखून ठेवायला सांगितलं. शुक्रवारी म्हणाला, जरा गॅरेजात जाऊन येतो. मला तेवढीच शांतता, म्हणून मी अडवलं नाही.

शनिवारी आम्ही तिघं उपेंद्रसमोर बसलो. वजन बरोबर भरलं. नाणं अस्सल होतं. हमदुल्लाचा गुडघा टेबलाखाली थडथड उडत होता. उपेंद्रने भिंग लावलं, मग मोबाइलवरचा फोटो बघितला, मग पुन्हा भिंग.

"हे तेच नाणं आहे?"

"तेच, तेच!" हमदुल्ला पुढे झुकला. "काल बफ मारून चकाचक केलं. एवढ्या मोठ्या ऑफिसात तसलं काळं कसं आणणार? फिनिशिंग बघा ना!"

मग उपेंद्रने हळूहळू समजावलं. टांकसाळीतून निघाल्यावर याला कुणी घासलं नव्हतं, ती काळी झाक त्याचीच खूण होती आणि किंमत तिचीच होती. आता चांदीचा भाव. दोनशे दिरहम.

"म्हणजे पाच हजार रुपये," हमदुल्ला सवयीने बोलून गेला.

"चाचा, आय टोल्ड यू..." एमान म्हणाली.

मला त्याच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटत होत्या. एकशेचाळीस वर्षं टिकलेलं ह्याने तीन मिनिटांत उडवलं. मेट्रोत शेजारी बसल्यावर तोंड उघडणार, एवढ्यात माझी नजर त्याच्या हातांवर गेली. ते मांडीवर नुसते पडून होते. एकतीस वर्षांत मी ते असे कधी बघितले नव्हते. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्याच्याबद्दल भीती वाटायला लागली.



"विलासभाई," मान वर न करताच तो म्हणाला, "सोळाला इथलं खलास. सतराला सकाळी उठून मी काय करू?"