तिसरी ओळ

राजूरच्या गणपतीच्या देवळातील ओवरीत वाचनालय उघडायचे आम्ही ठरवले, तेव्हा पुस्तके जमवण्यापेक्षा परवानगी मिळवणे अवघड जाईल, हे मला ठाऊक होते. हैदराबाद संस्थानातले ते दिवस. चार माणसे बसवून त्यांच्यापुढे बोलायचे, तर आधी तहसिलीत अर्ज करावा लागे. जे बोलायचे ते उर्दूत लिहून मंजूर करून घ्यावे लागे. आणि मंजूर मजकुराबाहेर वक्त्याने पाऊल टाकायचे नसे. मी तर सरकारी शाळेतला शिक्षक. मजकूर सोडून बोललो असतो, तर वाचनालयाला कुलूप लागले असतेच, शिवाय माझी नोकरीही गेली असती.

आधी विचार करावा, मग मुद्दे मांडावेत, त्यानंतर लिहावे, असे मी मुलांना शिकवत असे. भाषणही मी त्याच क्रमाने लिहिले. माझे वरच्या वर्गांचे सगळे शिक्षण जालन्याला उर्दूतून झाले होते. त्यामुळे उर्दू मजकूर सहज उतरला. मराठी मात्र घडवावी लागली, आणि त्या घडणीचा मला थोडा अभिमान वाटू लागला. त्यातली तिसरी ओळ माझी विशेष आवडती होती: ‘साक्षर मनुष्य आपल्या व्यवहाराचा स्वतः अधिपती होतो.’

पत्नी ज्वारी पाखडत होती. तिला मी ते भाषण वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले.

“अहो, ब्येस हाय,” ती म्हणाली. “पण ऐकायला कोण येणार हायेत?”

“गावातलेच.”

“मंग त्यांच्यासाठी बी एखादं लिव्हा की.”

मी हसलो, पण मजकूर बदलला नाही. बदलता येण्यासारखा नव्हताच. त्यावर तहसिलीचा शिक्का पडून गेला होता.

सभेच्या दिवशी दुपारपासून मी मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होतो. पोलिसांचे अमीन, म्हणजे ठाण्याचे फौजदार, घोड्यावरून आले. त्यांच्यासाठी ओवरीच्या कडेला खुर्ची मांडली होती. त्यांनी मंजूर मजकूर गुडघ्यावर ठेवला, खिशातून पेन्सिल काढली आणि मला मान हलवून खूण केली. मी एक वाक्य बोलावे, त्यांनी उर्दूतली तीच ओळ शोधावी आणि शेजारी बारीक खूण करावी, असे सुरू झाले. त्यांना मराठी कामापुरतीच कळते, असा माझा समज होता. वाचताना दृष्टी श्रोत्यांकडे असावी, हे माझे वर्गातले नेहमीचे सांगणे. त्या दिवशी माझी दृष्टी पेन्सिलीच्या टोकावरून हलली नाही. टोक थांबले की मी थांबे; ते पुढे सरकले की मी पुढच्या वाक्याला हात घाली.

भाषण संपले. आता आभार मानायचे आणि सुटायचे, एवढ्यात पुढच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी नातवाचा हात धरून उठले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, आणि जिभेला धारही होती.

“गुर्जी, एक इचारू का?”

मी अमीनांकडे पाहिले. ते कागदाकडे पाहत होते.

“विचारा, काका.”

“तुमी लई वेळ बोलून राह्यले. पण वाचायला शिकून आमचं काय व्हणार, ते कुटं आलंच न्हाई. का आमालाच डुलकी लागल्ती?”

माणसे हसली.

“ते आले आहे, काका.”

“आलं आसंल. आमच्यापोतर न्हाई पोचलं.”

पुन्हा हशा झाला, पण माणसे आता माझ्या तोंडाकडे बघत होती. उत्तर न देता मी खाली बसलो असतो, तर वाचणे हे ओवरीवर उभे राहणाऱ्यांचे काम आहे, आपले नव्हे, असे समजून ती घरी गेली असती, आणि वाचनालय उघडूनही रिकामे राहिले असते. मी सुरक्षित मार्ग धरला. तिसरी ओळ जशीच्या तशी पुन्हा वाचली.

“बराबर हाय,” काका म्हणाले. “पण हे तर मगाचंच हाय.”

तेव्हा मी कागद खाली केला. “काका, कागद कुणाचा बी असो. सावकाराचा असो, का कचेरीचा. त्याच्यावर काय लिव्हलंय, ते आपल्या डोळ्यानं वाचल्याबिगर अंगठा उठवायचा न्हाई. वाचता आलं, का दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई.”

‘कचेरीचा’ हा शब्द तोंडातून गेला आणि तो परत घेता येणार नाही, हे त्याच क्षणी कळले. काका मान डोलवत खाली बसले. अमीनांची पेन्सिल कागदावर वरून खाली फिरली, पुन्हा वर गेली.

“मास्टरसाब, ये कौनसी सतर है?”

“तीसरी, साहब.”

“तीसरी तो हो चुकी.”

“जी. इन लोगों को समझी नहीं थी, इसलिए फिर कही.”

ते ती ओळ सावकाश वाचू लागले. अर्थलेखन तपासताना मी मुलांना एक कसोटी सांगत असे: मूळचा अर्थ सुटता कामा नये आणि नवा आत शिरता कामा नये. त्या कसोटीवर माझे उत्तर उतरते का, हे मी उभ्या उभ्या तपासत होतो, आणि छातीवर हात ठेवून ‘होय’ म्हणता येत नव्हते. अधिपती म्हणजे जो स्वतः वाचून ठरवतो तो, इतके खरे. पण सावकार आणि कचेरी माझ्या ओळीत कुठेच नव्हती.

“ठीक है,” अमीन म्हणाले. कागदाची घडी करून ते उठले. घोड्याकडे जाताना काकांपाशी थांबले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “पाटील, नातवाला शाळेत घाला.”

म्हणजे त्यांना सगळे कळले होते, शब्दन् शब्द.

पुढचे दिवस मी शाळेच्या टपालाकडे पाहत काढले. खाकी लखोटा दिसला की बदली किंवा बडतर्फी, एवढेच मनात येई. वर्गात शुद्धलेखन सांगतानाही कान दाराकडे असत. इकडे संध्याकाळी वाचनालय उघडे असे. काका रोज पहिले येऊन बसत. “वाचा गुर्जी,” ते म्हणत, “पण त्या दिवसासारखं दोनदा. एकदा तुमचं, एकदा आमचं.” मी दोनदा वाची, आणि दर वेळी ओवरीच्या पायऱ्यांकडे नजर टाकी.

अखेर तहसिलीचा लखोटा आला. तो मी शाळेत उघडला नाही, घरी नेला. आत बदलीचा हुकूम नव्हता. माझाच उर्दू मजकूर परत आला होता, खाली ‘भाषण मंजूर मजकुराप्रमाणे झाले’ अशा अर्थाचा शेरा. प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीची एक खूण होती. तिसऱ्या ओळीशेजारी दोन होत्या, आणि दुसरी अधिक ठळक होती.

मी त्या दोन्ही खुणांवरून बोट फिरवले. पत्नीला उर्दू वाचता येत नव्हते. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग कागदाकडे.

“काय लिव्हलंय? बराबर का चूक?”

“बराबर.”

“मंग बसा जेवायला. भाकर गार होऊन राह्यली.”