अप्पांचा खायचा चाकू

“थांबा. आधी कापून बघू.”

हे म्हणताना अप्पांचा उजवा हात शर्टाच्या खिशात गेलेला असायचा. खिशातून चाकू निघायचा, अंगठ्याच्या नखाने पातं उघडायचं, आणि समोर पेरू असो, काकडी असो की कुणी प्रेमाने आणलेलं लिंबू, त्याचे दोन भाग व्हायचे. दोन्ही भाग उजेडाकडे धरून अप्पा एक डोळा बारीक करून तपासायचे. कीड निघाली तर चेहरा खुलायचा. नाही निघाली तर जरा हिरमुसायचे आणि म्हणायचे, “ह्यात न्हाई. पन दुसऱ्यात असंल.”

अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघणारी, टपालपेटीत टाकलेलं पत्र खाली पडलं की नाही म्हणून पेटीत डोकावणारी. अप्पांचा संशय मात्र फक्त पोटापुरता होता. तोंडात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा संशय, आणि ती कापणाऱ्या दुसऱ्याच्या सुरीवर तर त्याहून जास्त.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्यासाठी नवी ऑफिसं निघत होती आणि त्यातल्याच एका लहानशा ऑफिसात मी मुदखेडहून कारकून म्हणून येऊन पडलो होतो. टेबलं यायची होती, खुर्च्या वाटेत होत्या, फायलींचे सुतळीने बांधलेले गठ्ठे भिंतीशी टेकून उभे होते. अप्पा तिथे शिपाई. उदगीरकडचे, पन्नाशीचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. खरं नाव हजेरीपटावर असेल, आमच्या तोंडात ते कधी आलं नाही.

पहिल्याच दिवशी गठ्ठ्यांची सुतळी तोडायला मी त्यांचा चाकू मागितला.

“सुतळी खाता व्हय तुम्ही?” अप्पा म्हणाले.

“नाही. का?”

“मंग हा कशाला मागून राहिले? हा खायचा चाकू हाय.”

आणि त्यांनी ती सुतळी दातांनी तोडली. दात चालतील, चाकू नाही! पेन्सिलीला टोक करायलाही तो कुणाला मिळाला नाही. ऑफिसच्या उद्घाटनाला तर कमालच झाली. दारात फीत बांधलेली, मोठे साहेब येऊन उभे, आणि कात्री कुणीच आणलेली नाही. सगळ्यांचे डोळे अप्पांच्या खिशाकडे वळले. अप्पांनी खिशावर हात ठेवला आणि साहेबांना अगदी अदबीने सांगितलं, “साहेब, हा खायचा हाय.” शेवटी साहेबांनी फितीची गाठ हाताने सोडली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

खिशातल्या त्या चाकूची मूठ लाकडी होती आणि पातं घासून घासून गवताच्या पात्याएवढं उरलं होतं. चिनीमातीची कपबशी उलटी करून, कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर ते त्याला धार लावायचे. दुसरी होती सुरी. ती घिसाड्याकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची बनवून घेतलेली, वीतभर लांब, फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलेली. चाकू फळांचा, सुरी भाजीची. एकीचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही. आणि दोन्ही कुणाच्या हातात द्यायची नाहीत. हातातून हातात सुरी गेली की भांडण होतं, असं ते म्हणत. मला वाटतं भांडणाची भीती हे निमित्त असावं, परत मिळेल की नाही हा खरा संशय.

एकदा बसस्टँडजवळ कलिंगडवाल्याने वानगीदाखल फोड काढायला आपला सुरा उचलला. अप्पांनी त्याचा हात धरला. “तुझा सुरा ऱ्हाऊ दे. त्याला साखरंचं पानी लावलेलं असतंय.” कलिंगडवाला खवळला. अप्पांनी स्वतःच्या चाकूने त्रिकोणी फोड काढली, चाखली आणि म्हणाले, “हाय गोड. पन तुझा शक येतो.” आणि न घेताच निघाले. मला हसू आवरेना.

त्या सालांत पाऊस असा पडतच नव्हता. शहरात पाण्याचं नाव काढलं की लोक एकमेकांच्या घागरींकडे बघायचे. बायकामुलांना आणणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही ऑफिसातले पाच जण मागच्या बाजूला एक खोली घेऊन राहत होतो. स्वयंपाकाची पाळी लावलेली. भाजी चिरण्यात आमचा आनंदच होता. दोन दिवस अप्पांनी दारातून बघितलं, तिसऱ्या दिवशी आत आले.

“भाजी कापून राहिले का सूड घेऊन राहिले?” ते म्हणाले, खाली बसले आणि पिशवीतून सुरी काढली.

तेव्हापासून रोज सकाळी ते ऑफिस उघडण्याआधी येऊन आमची भाजी चिरून द्यायचे. ती चिरताना बघणं हा एक सोहळा होता. कांद्याचे काप असे पडायचे की एक दुसऱ्याहून जाड म्हणून कुणी दाखवून द्यावा. वांग्याला देठाकडून अधिक चिन्हासारखी चीर द्यायची, उघडून आत बघायचं, मिटायचं. बटाट्याची साल तर एकसलग, कागदासारखी, अख्खी खाली उतरायची. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून त्यांचा नियमच होता, “धुता येत न्हाई तर सोला.” स्वतः मात्र आमच्याकडचा घासही घेत नसत. आमची पातेली त्यांना पसंत नव्हती. जाताना सगळी सालं, देठं पिशवीत भरायचे. “मी टाकतो बाहेर,” म्हणायचे. आम्हाला तेवढीच सोय.

मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की साल जाड निघतेय.

पहिल्यांदा वाटलं, सुरी बोथट झाली असेल. पण त्याच सुरीने मिरचीचे केसासारखे काप पडत होते. दुधी मात्र सोलला की निम्मा उरायचा. फ्लॉवरचा कोवळा दांडाही पिशवीत. “किडका हाय,” अप्पा म्हणायचे, पण दाखवायचे नाहीत. जो माणूस कीड सापडली की पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना दाखवत फिरायचा, तो आता कीड लपवत होता! शिवाय ती पिशवी. कचरा असलेली पिशवी कुणी बटण लावून, छातीशी धरून नेतं का?

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. आमचे हेडक्लार्कही आमच्याच खोलीत राहायचे. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा वर सारला. “सालीखाली भाजी जाते घरी,” ते म्हणाले. “आपण उपाशी आणि ह्यांच्या घरी दुधीची भाजी.” झालं. दुष्काळात माणसाचं मन लहान होतं हे मी दुसऱ्याचं ऐकून सांगत नाही, माझंच झालं होतं. आठवडाभर मी अप्पांच्या हातांवर डोळा ठेवून होतो.

एका सकाळी दोन दुधी आणलेले होते आणि पातेल्यात एकाचाही ऐवज दिसेना. अप्पा पिशवीचं बटण लावत होते. बाकीचे चारही जण खोलीत होते. मी म्हणालो, “अप्पा, पिशवी उलटी करा.”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तर कलिंगडाकडे बघायचे तसं, आत काय असेल या नजरेने.

“बघायचंच हाय?”

“हो.”

त्यांनी फडक्यातली सुरी काढून घेतली आणि पिशवी फरशीवर उलटी केली. दुधीची बोटभर जाड सालं, मेथीच्या काड्या, कोथिंबिरीची मुळं, फ्लॉवरचे दांडे. अख्खा तुकडा एक नाही. सगळं बारीक, अगदी बारीक कापलेलं. आम्ही घागरी घेऊन पाण्याला पांगलो की ते मागे बसून हेच करत असावेत.

“हे एवढं बारीक कशाला?” हेडक्लार्कांनी विचारलं.

“दात न्हाईत तिला.”

“कुणाला?”

“गाईला,” अप्पा म्हणाले.

गाय देवणी जातीची होती, म्हातारी, दूध कधीच आटलेलं. गावाकडे चारा संपला, सांभाळायला कुणी उरलं नाही, म्हणून ते तिला चार दिवस चालवत लातूरला घेऊन आले होते आणि आपल्या खोलीमागे बांधली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. जनावरांच्या सरकारी छावणीत नेली नव्हती. “म्हाताऱ्या गाईला कोन इचारतंय? खाटकाच्या दलालाला कळलं की रोज दारात. छावनीत माझ्या माघारी कोन कुनाच्या हाती दील, मला कसं कळावं? माझा कुनावर भरोसा न्हाई.” मग दुधीच्या सालीवर बोट ठेवून ते म्हणाले, “साल जाड काढली. ते खरं हाय. तेवढी चोरी हाय.”

माझा संशय बरोबर निघाला होता. इतकी लाज मला चुकल्यावरही कधी वाटलेली नाही. “अप्पा, न्या हो, न्या,” असं मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी सगळं भरलं, पण सुरी तेवढी घेऊन पिशवी दाराशी ठेवूनच गेले.

दुसऱ्या दिवशी येतील असं वाटलं नव्हतं. आले. सुरी काढली आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

“घ्या. तुमीच कापा.”

माझा हात पुढे होईना. ती सुरी आमच्या दोघांच्या मध्ये पडून राहिली. मग त्यांनीच उचलली. “मंग हितं बसा,” म्हणाले. “मी कापतो, तुमी बघा.”

आणि मला रोज समोर बसवून ते भाजी चिरू लागले. दुधीची साल आता इतकी पातळ निघायची की पलीकडचं दिसावं. प्रत्येक साल माझ्यासमोर धरून विचारायचे, “बघा साहेब. जातंय का काही?” चेष्टा नव्हती, राग नव्हता. मी म्हणायचो, “पुरे ना अप्पा. तुम्ही जाड काढा, मीच सांगतो.” ते मान हलवायचे. “न्हाई. एकदा शक आला की बघावंच लागतंय. मला ठाव हाय.” पिशवी रिकामी यायची आणि रिकामी जायची. सालं आम्ही उकिरड्यावर टाकायचो. तिथली मोकाट जनावरं खायची.

महिनाभराने अप्पांची उदगीरला बदली झाली आणि पुन्हा गाठ पडली नाही. पण त्याआधीचा एक रविवार मला सांगायलाच हवा.

मुदखेडजवळ माझ्या मामांच्या शेतात विहिरीला अजून थोडं पाणी होतं. मी शनिवारी गेलो, मामांच्या अगदी मागे लागलो आणि कडब्याच्या वीस पेंढ्या एसटीच्या टपावर टाकून लातूरला आलो. कंडक्टरने नाक मुरडलं, प्रवासी हसले. स्टँडवरून हातगाडीवर घालून विचारत विचारत अप्पांची खोली काढली. ती पार गावाबाहेर, पत्र्याची. दारात अप्पा बसले होते. कडबा बघून उभे राहिले.

मी म्हणालो, “अप्पा, गाईसाठी.”

त्यांच्या बायकोने मला पाणी आणून दिलं, अर्धा तांब्या.

“बुधवारी गेली,” अप्पा म्हणाले. “बसली ती उठलीच न्हाई. मागं पुरली. चौघं गडी बोलवून आनले, पन मी सोता खड्ड्यात उतरून ठिवली. कुनाच्या हाती दिली न्हाई.”

“माझ्यामुळं झालं, अप्पा.”

“सालीवर गाय जगती व्हय?” ते म्हणाले. “म्हातारी हुती.”

हे ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते, हे मला कळत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. अप्पा हातगाडीजवळ गेले. एका पेंढीतलं कांडं मोडून त्यांनी चावून बघितलं.

“गोड हाय,” म्हणाले. “तिला आवडला असता.”

मग त्यांनी पेंढीवरून हात फिरवला. शेजारच्या झोपडीपुढे कुणाचे तरी दोन बैल उभे होते, बरगड्या निघालेले. अप्पांनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“साहेब,” त्यांनी विचारलं, “ह्यांच्या बैलांना घातला तर चालंल का? कडबा तुमचा हाय, म्हनून इचारलं.”

मी मानेनेच हो म्हटलं. ते पेंढ्या उतरवू लागले, एकेक पेंढी, मला दिसेल अशी धरून.