राजाच्या वाक्यातला कर्ता

जुन्या खाकी फायलीचा धुळकट वास आला की मला मयूर विहारचा आमचा फ्लॅट आणि एमएला असलेलं ते इंग्रजी नाटक आठवतं. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं. त्यात सेनापतीचा खून होतो, आणि राजा दोषी की निर्दोष, यावर दुसऱ्या दिवशी मला वर्गात बोलायचं होतं. टीकाकारांची पाच जाडजूड पुस्तकं वाचून माझं डोकं पार बधिर झालं होतं. केंद्र सरकारच्या मंत्रालयातून दमून आलेल्या बाबांनी चहा पिता पिता नाटक उचललं, खिशातली पेन्सिल काढली आणि फाईल वाचावी तसं ते सावकाश वाचलं. "अगं, हा राजा ‘मारा’ असं कुठेच म्हणत नाही. ‘बंदोबस्त व्हायला हवा,’ एवढंच म्हणतो. कुणी करायचा, ते गायब! आम्ही फायलीवर असंच लिहितो, बेटा. उद्या चौकशी झाली तर राजा बिल्कुल साफ." पाच पुस्तकांत हे कुठेच नव्हतं. आता मी तेच नाटक शिकवते. ते पान उघडलं की त्या वाक्याखालची पेन्सिलीची रेघ दिसते, आणि शेजारी समासात, निव्वळ सवयीने, बाबांनी केलेली बारीक सही, तारखेसकट. राजाने ती कधीच केली नसती.