गौण वनोपज, एक डबा

नागपूरच्या प्रयोगशाळेतून प्रथिनाच्या सहा नळ्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या होत्या. सरळ रेल्वेनं गेले असते, पण मधेच बहिणीचं लग्न आलं. म्हणून बर्फ भरलेला थर्मास काखेत मारून मी घरची, सिरोंच्याची एसटी पकडली.

जंगलातल्या एका नाक्यावर वनरक्षक गाडीत चढला आणि थेट माझ्यापाशी आला.

"यात का हाय बाई?"

"प्रथिन हाय भाऊ. यीस्टमधून काढलेलं."

"यीस्ट म्हंजे?"

"ताडीले फेस येते ना, तो त्याच्यानंच."

"म्हंजे दारू!" त्यानं मला खाली उतरवलं.

नाक्यावरच्या त्याच्या टेबलाशी उभी राहून मी सगळं समजावलं. हे प्रथिन पेशीत आरएनएला धरून ठेवतं. त्याच्यावर फॉस्फेट चढला की सोडून देतं. या नळ्यांत फॉस्फेट चढवलेलंच प्रथिन आहे. गरम झालं तर तो गळून पडेल आणि माझी सहा महिन्यांची मेहनत वाया जाईल. त्यानं मन लावून ऐकलं.

"मंग पकडते का सोडते, एक सांगा. मले लिहा लागते."

"सध्या सोडते."

"जित्तं हाय का मेलं?"

चार वर्षं याच प्रथिनावर काम करून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

फॉर्मात तीनच रकाने होते: इमारती लाकूड, गौण वनोपज, वन्यप्राणी. वन्यप्राणी लिहिलं तर साहेबांची सही हवी, आणि साहेब एटापल्लीला गेलेले. त्यानं गौण वनोपज लिहिलं आणि झाकणावर मोहोर करायला लाख वितळवायला घेतली.

"भाऊ, गरम नका लावू!" मी एवढ्या मोठ्यानं किंचाळले की अख्खी गाडी खाली उतरली.

माशांवर घालायला चंद्रपूरहून बर्फ नेणारी एक मावशी पुढं झाली. "पोरगी रडून राह्यली, काऊन तरास देता तिले?" तिनं थर्मास उघडला. आत नुसतं पाणी. तिनं आपल्या पेटीतला बर्फ फोडून तो गच्च भरला. वनरक्षकानं हिरमुसून कागदावरच शिक्का मारला आणि तो कागद सुतळीनं थर्मासला बांधून दिला.

मावशीही सिरोंच्याच्याच बाजारात मासे विकायची, त्यामुळे लग्नाचे दोन्ही दिवस थर्मास तिच्याच पेटीत राहिला.

हैदराबादला तपासलं. फॉस्फेट जागच्या जागी होता. प्रथिन आरएनएला धरायला तयार नव्हतं, म्हणजे अगदी हवं तसं. मी तिथंच स्टुलावर बसले आणि हसत सुटले. तिथल्या सरांनी मात्र नळी हुंगून विचारलं, "हा वास कसला?"

"मरळ माशाचा, सर."

त्यांनी गंभीरपणे तेही वहीत लिहून घेतलं.